आनंदमेळ्याआधीचा बाजार

पटांगणात चार टेबलं मांडायची, भेळ, पणत्या, गोधड्या विकायच्या आणि जमलेला गल्ला गावातल्या एखाद्या संस्थेला द्यायचा, हा प्रकार आपल्याला शाळेतल्या आनंदमेळ्यापासून ओळखीचा. 'बाजार' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि रुळला. इंग्रजांनीही तो घेतला, पण एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे त्याला वेगळा अर्थ चिकटला: सत्कार्यासाठी भरवलेली विक्री.

लष्कराला माल पुरवणाऱ्या जॉन ट्रॉटर नावाच्या ठेकेदाराने १८१६ मध्ये लंडनला 'सोहो बाजार' उघडला. नेपोलियनशी चाललेली युद्धं नुकतीच संपली होती आणि सैनिकांच्या विधवा-मुलींपुढे पोटाचा प्रश्न होता. ट्रॉटरने त्यांना फुटाच्या हिशेबाने, रोजच्या भाड्यावर जागा दिली. हा धर्मादाय नव्हता, ज्याचा त्याचा धंदाच होता. पण बायका गल्ल्यावर बसल्या तरी घराण्याची अब्रू जात नाही, हे तिथे दिसलं. मग खानदानी बायकांनी इस्पितळं, चर्च, अनाथालयं यांच्यासाठी आपापले बाजार मांडले. लग्न झालेल्या बाईची कमाई तेव्हा कायद्याने नवऱ्याची. ते १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदललं. तोवर पैसे मोजायचे, हिशेब ठेवायचे, कुणाला किती द्यायचे ते ठरवायचं, ही मुभा बाईला असे बाजारच देत. या बाजारांच्या भरभराटीमागे दयाबुद्धीइतकंच हेही कारण असावं, असं मला वाटतं.

यातली खरी गंमत अमेरिकेत. बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधी महिला १८३४ पासून नाताळच्या सुमारास दरवर्षी असा बाजार भरवत. पुढे बरीच वर्षं मारिया वेस्टन चॅपमन त्याचा कारभार पाहत. तिथे टाकाची शाई पुसायची कापडी पुसणी विकायला असत आणि त्यांवर लिहिलेलं असे, 'गुलामगिरीचा डाग पुसून टाका'. शिवणकामावरचा मजकूर आणखी बोचरा: आमच्या सुयांची टोकं गुलाममालकांच्या सदसद्विवेकाला टोचोत. वस्तू चार आण्याची, पण घरी गेल्यावर रोज टेबलावरून बोलणारी. इंग्लंडात धान्यावरच्या आयातकराविरुद्ध लढणाऱ्या संघटनेने हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर केली. १८४२ मध्ये मँचेस्टरच्या नाट्यगृहातल्या बाजारातून सुमारे १० हजार पौंड जमले, १८४५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधून २५ हजार. पुढच्याच वर्षी तो कर रद्द करण्याचा कायदा झाला. अर्थात तो काही नुसत्या बाजारामुळे नाही.

टीकाही झाली, आणि ती रास्त होती. श्रीमंत बायका हौसेने फुकट भरतकाम करून विकू लागल्या, तर त्याच कामावर जगणाऱ्या शिवणकरणीने जायचं कुठे? आजही बचतगटाच्या पापडाशेजारी कुणी 'सत्कार्यासाठी' पापड लावले की हाच पेच उभा राहतो.

पॅरिसच्या अशाच बाजारात ४ मे १८९७ रोजी चलच्चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या दिव्यातून आग लागली. लाकडी मांडव, वर रंगवलेलं कापड. सव्वाशेहून अधिक माणसं गेली, त्यांत बहुतेक बायकाच होत्या.

आपल्याकडे पुण्यात २००५ पासून 'आर्टिस्ट्री' या संस्थेच्या वीणा गोखले 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन पितृपंधरवड्यात भरवत आल्या आहेत. एरवी या पंधरवड्यात कोणी नव्या चपलासुद्धा घेत नाही, विक्रीचं प्रदर्शन तर लांबच. पण इथे स्टॉल असतात ते स्वयंसेवी संस्थांचे. कार्यकर्ते समोर उभे राहून आपलं काम सांगतात. वस्तू असतात, पण त्या टेबलाच्या कडेला. मधोमध संस्थेची माहितीपत्रकं आणि पावतीपुस्तक.