हाडांची घनता: ऊन, श्रम आणि आहार यांची पार्श्वभूमी

पुण्यात पन्नाशी उलटलेल्या एखाद्या बाईचे मनगट न्हाणीघरात घसरून मोडले, की पाळी गेल्यामुळे हाडे ठिसूळ झाली असे सांगितले जाते. ते खरेच आहे. अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ मध्ये रजोनिवृत्ती आणि ठिसूळ हाडे यांचा संबंध मांडला होता. परंतु माणूस कोठे राहतो, काय खातो आणि दिवसाचे तास कोठे घालवतो यावरही हाडांची बळकटी ठरते, ही जाणीव त्याहून जुनी आहे.

१८२२ मध्ये पोलिश वैद्य येंजे श्नियादेत्स्की यांनी वॉर्सा शहरातील मुलांमध्ये मुडदूस, म्हणजे हाडे मऊ पडून वाकण्याचा आजार, खेड्यांतील मुलांपेक्षा अधिक आढळतो हे नोंदवून उन्हाची शिफारस केली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९२२ मध्ये, हचिसन आणि शाह या संशोधकांनी नाशिकमधील निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि आपल्यासाठी तीच अधिक मोलाची आहेत. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत, खाण्यापिण्याची ददात नसतानाही, घरात कोंडलेल्या बाळांना मुडदूस होत होता. उलट अपुरे खाऊन दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरीब कुटुंबांत तो दिसत नव्हता. भरपूर ऊन असलेल्या मुलुखातही ऊन अंगाला लागत नसेल तर हाडांना त्याचा उपयोग नाही, हे यातून स्पष्ट झाले.

पुण्याच्या बदललेल्या राहणीकडे पाहताना हे निरीक्षण आठवते. पेठांतील वाड्यांना चौक होता. वाळवणे, धुणी, निवडणे-टिपणे तेथेच चाले. आज सदनिकेतून वाहनतळात आणि तेथून वातानुकूलित कार्यालयात जाणाऱ्याला दुपारचे ऊन मिळत नाही, आणि हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व त्वचेत तयार करणारे किरण बंद काचेतून जवळजवळ येतच नाहीत. सावळ्या त्वचेला उन्हात अधिक वेळ लागतो, ही बाबही येथे विसरता येत नाही.

श्रमांचा धागा निराळा आहे. बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना घडते. पाणी शेंदणे, डोक्यावर ओझे वाहणे, जिने चढणे ही कामे कष्टाची होती आणि ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र त्यांनी हाडांवर टाकलेला भार भरून काढणारे काही आपण त्यांच्या जागी आणले नाही. सायकलींचे शहर ही पुण्याची जुनी ओळख येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण सायकलीवर शरीराचे वजन खोगिरावर असते. हाडांना चालणे, धावणे आणि दोरीवरच्या उड्या अधिक मानवतात.

हे सारे मोजता येऊ लागले ते फार उशिरा. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेल्यावरच ऱ्हास दिसे. १९८७ च्या सुमारास क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा यंत्रे आली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घनतेच्या मोजमापाचे निकष ठरवले.

त्यामुळेच १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासाचे निष्कर्ष लक्षणीय ठरतात. गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे असे कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार खाणाऱ्या मातांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी अधिक घट्ट आढळली. घनतेचा पाया आईच्या ताटापासून घातला जातो, आणि तिशीच्या आसपास जी काही पुंजी जमते तीच पुढे पुरवावी लागते. भारतीयांसाठी प्रौढांची कॅल्शियमची शिफारस २०२० मध्ये दिवसाला ६०० वरून १,००० मिलिग्रॅम झाली; १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे लक्षात घेता भाकरी मागे पडल्याची किंमत कळते.

तंबाखू, अतिमद्यपान आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे ही कारणे सर्वपरिचित आहेत. हवेचा संबंध मात्र अलीकडे पुढे आला. हैदराबादजवळच्या २८ गावांतील ३,७१७ प्रौढांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सूक्ष्म धूलिकण जेथे अधिक तेथे हाडांतील खनिजांचे प्रमाण कमी आढळले. पुण्यात पहाटे रस्त्याकडेला चालायला जाणाऱ्यांनी धुराच्या तासांचा आणि उन्हाच्या तासांचा हिशेब एकत्र मांडायला हवा, कारण त्या वेळी हाडांना चालण्याचा भार मिळतो, पण ऊन मिळत नाही.