गृह विलगीकरण

साथीच्या रोगाची लागण झालेल्या किंवा लागण होण्याचा संभव असलेल्या व्यक्तीने रुग्णालयात दाखल न होता स्वतःच्याच घरी, कुटुंबातील इतरांपासून वेगळे राहण्याची पद्धत. आजारी माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण आणि रुग्णाच्या संपर्कात आलेल्या पण अजून धडधाकट असलेल्या माणसाला ठरावीक दिवस थांबवून ठेवणे म्हणजे अलगीकरण, असा फरक सरकारी कागदांत केला जातो. लोकांच्या बोलण्यात मात्र दोन्हींसाठी ‘होम क्वारंटाइन’च रुळले. महाराष्ट्रात ही पद्धत घरोघरी माहीत झाली ती कोविड-१९च्या साथीत. दुबईहून परतलेले राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि त्याच महिन्यात परदेशातून आलेल्यांना १४ दिवस घरी थांबण्यास सांगितले जाऊ लागले. त्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर, मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या न पुसल्या जाणाऱ्या शाईने, मुदतीच्या तारखेचा शिक्का मारला जाई. असे शिक्के असलेले चार प्रवासी सुरतकडे निघाले असता त्यांना पालघर स्थानकात गाडीतून उतरवण्यात आले होते.

रुग्णांना घरी ठेवण्याची परवानगी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२०च्या अखेरीस दिली. ती अतिसौम्य लक्षणे असलेल्या किंवा लक्षणे अजून न दिसलेल्या रुग्णांपुरती होती. घरात वेगळी खोली हवी, शक्यतो वेगळे शौचालय हवे आणि चोवीस तास लक्ष ठेवणारे एक माणूस हवे, अशा अटी होत्या. रोजचा व्यवहार साधारण असा असे : दाराबाहेर स्टुलावर जेवणाचे ताट ठेवायचे, ठेवणारा मागे सरला की मगच रुग्णाने दार उघडून ते आत घ्यायचे. त्याची भांडी, टॉवेल, अंथरूण-पांघरूण वेगळे. समोरासमोर येण्याची वेळ आली तर दोघांच्याही तोंडावर तीन पदरी मास्क. कडी, नळ, दिव्यांची बटणे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणाने पुसायची. सुरुवातीच्या महिन्यांत या पुसण्याधुण्यावर फारच भर होता. भाजीसुद्धा लोक साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवत. विषाणू मुख्यतः श्वासावाटे, बंदिस्त हवेत पसरतो हे पुढे स्पष्ट होत गेले. तेव्हा उघडी खिडकी ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट होती, असेच म्हणावे लागते. शिवाय लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो, त्यामुळे खोली वेगळी करेपर्यंत घरात लागण होऊन गेलेली असणे अगदी शक्य होते.

घरी राहण्यातला खरा धोका वेगळाच होता. कोविडमध्ये दम लागल्याचे जाणवण्याआधीच रक्तातील प्राणवायू घटू शकतो. म्हणून बोटाला लावून प्राणवायूचे टक्के मोजणारा पल्स ऑक्सिमीटर घराघरांत आला. नखाला रंग नको, बोट गार नको, आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवायचा नाही, हे बारकावे आजी-आजोबांनाही पाठ झाले. बसून घेतलेला आकडा चांगला असला तरी पुरत नाही, म्हणून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीचा प्रचार केला. आधी नोंद घ्यायची, खोलीतच सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालायचे, पुन्हा नोंद घ्यायची. आकडा ९३च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त टक्क्यांनी उतरला किंवा चालताना धाप लागली, तर घरी थांबायचे नाही. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटे चालले तरी चालेल, अशी मुभा होती. इतकी साधी, बिनखर्चाची आणि वेळेवर सावध करणारी दुसरी चाचणी या साथीत सामान्य माणसाच्या हाती आली नाही.

पण या साऱ्याच्या मुळाशी एक गृहीत होते : घरात जादा खोली आहे. सुमारे अडीच चौरस किलोमीटरवर आठ लाखांहून अधिक वस्ती असलेल्या धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसे आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. तिथे ‘घरीच थांबा’ या सूचनेला अर्थ नव्हता. महापालिकेने शाळा, सभागृहे, क्रीडा संकुल ताब्यात घेऊन लोकांना तिकडे नेले, जेवणाची सोय केली, आणि साथ आटोक्यात येण्यात या संस्थात्मक अलगीकरणाचा मोठा वाटा होता. कोकणातही असाच प्रश्न उभा राहिला. मुंबईहून परतणाऱ्या चाकरमान्यांना गावच्या प्राथमिक शाळेत किंवा बंद पडलेल्या घरात दिवस काढावे लागले. त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते. दहा दिवसांचे अलगीकरण पुरे व्हावे म्हणून १२ ऑगस्टच्या आत गावी पोचा, असे सरकारने सांगितले होते. दुसऱ्या लाटेत घरेच्या घरे बाधित होऊ लागली, तेव्हा २५ मे २०२१ रोजी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी बाधितांचे प्रमाण जास्त असलेल्या १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

वेगळे राहण्याची रीत इकडे जुनीच. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधत आणि तो पाहून परके माणूस उंबरा ओलांडत नसे. प्लेगच्या साथीत गावेच्या गावे मोकळी होऊन माणसे शेतात, माळावर झोपड्या टाकून राहत. सरकारी विलगीकरणाची आठवण मात्र कडवट आहे. १८९७ साली पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांत घुसून संशयितांना छावण्यांत हलवले. घरातल्या बायामाणसांची, देवघराची कसलीच पत्रास न ठेवल्याने लोक रुग्ण लपवू लागले. त्या रोषातूनच चापेकर बंधूंनी २२ जून १८९७च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षीचा साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. या वेळी दारावर सैनिक नव्हता, आशा सेविका होती. ताप मोजून, नोंद करून ती पुढच्या घरी जाई. लोकांनी आजार सांगितला तो बऱ्याच अंशी तिच्या ओळखीमुळे. जिथे घरात रुग्ण असल्याचे सांगणाऱ्या दारावरच्या फलकामुळे शेजाऱ्यांनी दूध, पाणी, बोलणे तोडले, तिथे पुन्हा लपवालपवी झाली.

विलगीकरणाची मुदत अनुभवागणिक आखडत गेली. आरंभी लक्षणे दिसल्यापासून १७ दिवस होती. जुलै २०२० मध्ये १० दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नसणे, एवढी अट राहिली आणि त्यापुढे आणखी सात दिवस घरीच जपून राहण्याचा सल्ला होता. ओमायक्रॉन या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या लाटेत, जानेवारी २०२२ पासून, चाचणी बाधित आल्यावर सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नसला की पुन्हा चाचणी न करता रुग्णाला मोकळे केले जाऊ लागले.