चुकून आलेलं पार्सल ‘कायद्याने आपलंच’?

एक इअरफोन मागवला, खोक्यात दोन निघाले. घरच्या ग्रुपवर लगेच निकाल लागतो: ‘कंपनीची चूक, ठेवून दे. कायद्याने आता तुझाच.’

हा कायदा आहे खरा, पण अमेरिकेतला, १९७० सालचा. न मागवलेला माल टपालाने पाठवायचा आणि मागाहून बिल लावायचं, या धंद्याला चाप लावण्यासाठी तो झाला. असा माल तिथे भेट समजून ठेवता येतो. आपल्याकडे फॉरवर्ड होत होत त्यातला ‘न मागवलेला’ गळाला आणि ‘चुकून आलेला’ चिकटला.

भारतातला नियम त्याहून जवळजवळ शंभर वर्षांनी जुना आणि नेमका उलटा आहे. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ७२: चुकून दिलेले पैसे किंवा पोचवलेली वस्तू घेणाऱ्याने परत केलीच पाहिजे. पार्सल उघडलं म्हणून कोणी चोर ठरत नाही. मात्र वस्तू आपली नाही हे कळल्यावरही बेइमानीने ती वापरली किंवा विकली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं.

‘एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो?’ हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. वाण्याने चुकून शंभराची नोट जास्त दिली तर आपण परत करतोच ना! समोर माणूस दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पण परतीचा खर्च आणि हेलपाटे आपल्या माथी का? कंपनीला लेखी कळवा, वस्तू जपून ठेवा आणि घरून घेऊन जायला सांगा.