पार्किंगच्या तक्त्यात अडकलेलं शहर

शहरातली मोटारगर्दी कमी करायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: लोकांनाच गाडी आवडते, त्याला कोण काय करणार? गेल्या शंभर वर्षांतले नियम आणि कायदे चाळले तर हे अर्धंच खरं निघतं. गाडी आवडली हे बरोबर. पण गाडीवाचून अडू लागलं ते रस्त्याचे कायदे, बांधकामाचे नियम आणि सरकारी पैसा ज्या बाजूला झुकला त्यामुळे.

शहर पसरवण्याचं खापर मात्र एकट्या मोटारीवर फोडता येणार नाही. १८८८ साली अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये फ्रँक स्प्रेग यांनी विजेवरची ट्राम यशस्वीपणे चालवून दाखवली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत शहरं रुळांच्या कडेकडेने लांबवर गेली. शेवटचा टप्पा पायीच गाठायचा असल्यामुळे ती वस्ती थांब्याच्या आसपासच दाट राहिली. ही अट मोटारीने काढून टाकली. फोर्डचं मॉडेल टी १९०८ मध्ये आलं, १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि ८५० डॉलरची गाडी विशीच्या दशकाच्या मध्यावर ३०० डॉलरच्या आत मिळू लागली.

तोवर रस्ता सगळ्यांचा होता. लोक वाटेल तिथून तो ओलांडत, मुलं त्यावर खेळत. अपघाती मृत्यू वाढले तेव्हा राग मोटारीवर निघाला. १९२३ मध्ये सिनसिनाटीत ४२ हजारांहून अधिक नागरिकांनी एका मागणीवर सह्या केल्या: शहरातल्या प्रत्येक मोटारीला असं यंत्र बसवा, की ती ताशी २५ मैलांच्या वर पळूच शकणार नाही. मोटारविक्रेत्यांनी विरोधात जोरदार प्रचार केला आणि मतदानात प्रस्ताव पडला. दोनच वर्षांनी लॉस एंजेलिसने पायी चालणाऱ्यांनी कुठून आणि कधी रस्ता ओलांडायचा याचे नियम केले आणि तेच पुढे इतर शहरांना नमुना ठरले. गाडीला वेसण घालायची की माणसाला, या प्रश्नाचा निकाल तिथेच लागला, असं मला वाटतं.

ट्राम कशी मेली याची एक लोकप्रिय कथा आहे. जनरल मोटर्स आणि टायर-तेल कंपन्यांनी ट्राम कंपन्या विकत घेऊन बंद पाडल्या, अशी. १९४९ मध्ये या कंपन्यांना शिक्षा झाली हे खरं, पण सिद्ध झाला तो बस आणि संबंधित मालाच्या विक्रीत मक्तेदारी करण्याचा कट. ट्राम त्याआधीच आजारी होती. भाडी गोठवलेली होती. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं पाच सेंट भाडं तर १९०४ पासून १९४८ पर्यंत हललं नाही. त्यात रुळांमधल्या रस्त्याची डागडुजी बहुतेक ठिकाणी ट्राम कंपनीच्या गळ्यात. मोटारवाले त्याच रस्त्यावरून फुकट जात आणि ट्रामची वाटही अडवत.

महामार्गांबद्दल पुष्कळ बोललं जातं. अमेरिकेच्या १९५६ च्या कायद्याने ४१ हजार मैलांचं जाळं आखलं आणि त्याचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला. एवढी सवलत मिळाल्यावर नाही कोण म्हणणार? पण माझ्या मते त्याहून खोल परिणाम बांधकाम नियमावलीतल्या एका रूक्ष तक्त्याने केला: कोणत्या इमारतीला किमान किती पार्किंग हवं, हे सांगणाऱ्या. ओहायोतल्या कोलंबसने १९२३ मध्ये सदनिकांच्या इमारतींना आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोने १९३९ मध्ये हॉटेलं-रुग्णालयांना किमान पार्किंगची सक्ती केली. युद्धानंतर ही सक्ती सगळीकडे पसरली. हिशेब साधा आहे. वळायच्या जागेसकट एका गाडीला सुमारे ३०० चौरस फूट लागतात. एक हजार चौरस फूट कार्यालयामागे चार गाड्यांची जागा मागितली, की कार्यालयापेक्षा पार्किंग मोठं होतं. इमारती एकमेकींपासून दूर सरकतात, चालणं कंटाळवाणं होतं, आणि विखुरलेल्या वस्तीत बस रिकामी धावते. शिवाय त्या जागेचा खर्च घरभाड्यात आणि मालाच्या किमतीत मिसळतो, म्हणजे गाडी नसलेलाही तो भरतो. जपानने १९६२ मध्ये उलट वाट धरली: जागा असल्याचा दाखला गाडी घेणाऱ्यानेच आणायचा.

जमीन आणि वाहतूक एकत्र बघण्याची समज जपानात त्याआधीपासून होती. ओसाकाजवळ इचिझो कोबायाशी यांनी १९१० मध्ये रेल्वेमार्ग सुरू करतानाच त्याच्या कडेला घरं बांधून हप्त्यांवर विकली आणि १९२९ मध्ये मार्गाच्या शहराकडच्या टोकाला, स्थानकातच डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. रेल्वे प्रवासी आणायची, प्रवासी जमिनीचं मोल वाढवायचे.

विरोधाची पहिली लाट पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी आली. १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आखलेले बरेचसे द्रुतगती मार्ग नागरिकांच्या दबावाने रद्द केले. १९६२ मध्ये अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी दाखवलं, की रुंद केलेला रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा भरतोच.

नेदरलँड्सची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण तो देश जन्मापासून सायकलींचा होता असा समज आहे. युद्धानंतर तिथेही मोटारींना जागा करून देण्यासाठी वस्त्या पाडल्या जात होत्या, सायकली घटत होत्या. १९७१ मध्ये रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात ४०० हून अधिक मुलं होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाचं आंदोलन पालकांनी उभं केलं. १९७३ च्या तेलसंकटात मोटारबंद रविवार आले आणि रिकामा रस्ता कसा दिसतो ते लोकांनी पाहिलं. १९७७ मध्ये ग्रोनिंगेनने व्यापाऱ्यांचा विरोध पत्करून शहराचा मध्यभाग चार भागांत विभागला. एका भागातून दुसऱ्यात गाडीने जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्यानेच. सायकल मात्र सरळ जाणार. खर्च फार नव्हता, फक्त वाहनांच्या वाटा बदलल्या. बेल्जियमच्या गेंटने २०१७ मध्ये याच धर्तीची योजना राबवली.

पैसा कमी असलेल्या ब्राझीलच्या कुरितिबाने १९७४ मध्ये स्वतंत्र मार्गावरची बस सुरू केली. जास्त महत्त्वाचं म्हणजे उंच इमारतींना परवानगी प्रामुख्याने त्याच मार्गांच्या कडेने दिली. नक्कल करणाऱ्या अनेक शहरांनी बसमार्ग उचलला, हा दुसरा भाग सोडून दिला.

रस्त्याला किंमत लावण्याची सुरुवात सिंगापूरने १९७५ मध्ये केली. सकाळी शहराच्या मध्यात शिरायचं तर मोटारीला परवाना, चार माणसं असतील तर माफ. स्टॉकहोममध्ये विरोध इतका होता, की २००६ मध्ये सात महिने नुसतं करून बघितलं. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने कौल बाजूने दिला.

पार्किंगचा तक्ता सगळ्यात उशिरा हलला. अमेरिकेतले पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप अनेक वर्षं याबद्दल लिहीत होते. लंडनने २००४ च्या आराखड्यात किमानाऐवजी कमाल मर्यादा आणली. २०१७ मध्ये मेक्सिको सिटीने तेच केलं आणि अमेरिकेतल्या बफेलोने सक्ती काढून टाकली. अर्थात आधी बांधलेल्या इमारती आणि त्यांची पार्किंगं अजून काही दशकं तिथेच राहणार आहेत. आणि आशियातल्या अनेक वाढत्या शहरांत, जिथे बहुतेक घरांत अजून मोटार नाही, किमान पार्किंगचा नियम आजही नव्या इमारतींना लागू होतो.