पेन्सिलीतला चेहरा ‘फोटोसारखा’ कधीपासून?

पेन्सिलने चेहरा काढायला शिकणारे बहुतेक जण आधी झटतात ते गालावरचं शेडिंग गुळगुळीत करायला. चित्र हुबेहूब फोटोसारखं दिसलं पाहिजे, हा त्यामागचा हट्ट. पेन्सिलीच्या इतिहासात हा हट्ट बराच उशिरा आला.

ग्रॅफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीतल्या काळ्या खनिजाच्या, आधी युरोपात चेहरे खडूने, कोळशाने किंवा चांदीच्या तारेने काढत. चांदीची रेघ लेप दिलेल्या कागदावरच उमटते आणि सहजासहजी पुसली जात नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने १४८४ मध्ये, तेराव्या वर्षी, आरशात बघून स्वतःचा चेहरा काढला तो याच तारेने.

सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलला घट्ट, शुद्ध ग्रॅफाइट सापडलं. ते कापून लाकडात बसवलं की झाली पेन्सिल. पुढे इंग्लंड-फ्रान्स युद्धात फ्रान्सला हा माल मिळेनासा झाला. तेव्हा कोंते या फ्रेंच संशोधकाने ग्रॅफाइटची भुकटी चिकणमातीत कालवून भाजली आणि १७९५ मध्ये पेटंट घेतलं. माती जास्त तर टोक कडक आणि रेघ फिकी. माती कमी तर टोक मऊ, रेघ काळी. आजच्या एचबी, टूबी, सिक्सबीचं मूळ इथे आहे. खोडरबरही तेव्हा नवाच होता. १७७० च्या आधी पावाच्या चुऱ्याने खोडत.

आता खरं तर शेडिंगची चंगळ व्हायला हवी होती. पण पेन्सिलीतल्या व्यक्तिचित्रांचा उस्ताद, फ्रेंच चित्रकार आंग्र याने वेगळंच केलं. नेपोलियन पडल्यावर रोममध्ये त्याची मोठी कामं आटली आणि पोटासाठी तो प्रवासी इंग्रजांची चित्रं काढू लागला. या कामाचा त्याला कंटाळा होता, हे ती चित्रं बघून पटत नाही. १८१९ मधलं व्हायोलिनवादक पागानिनीचं चित्र नीट बघा. डोळे आणि ओठांचे कोपरे बारीक टोकाने, अगदी जपून केलेले. गालावर सावली जेमतेम, बाकी कोरा कागद. कोट मात्र भराभर ओढलेल्या रेघांचा. तरीही माणूस समोर बसल्यासारखा वाटतो.

१८३९ मध्ये दागेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवायचं सुरुवातीचं तंत्र, आलं. चेहऱ्याची आठवण जपण्याचं काम हळूहळू कॅमेऱ्याकडे गेलं आणि रेघेशिवाय, नुसत्या करड्या छटांत चेहरा बघायची डोळ्यांना सवय लागली. ‘हुबेहूब’चं माप बदललं ते इथून.

त्याच शतकात फ्रेंच चित्रकार शार्ल बार्गच्या सरावचित्रांनी विद्यार्थ्यांना एक क्रम लावून दिला: आधी बाह्यरेषा सरळ तुकड्यांत मोडायची, मग उजेड आणि सावली यांचे दोन स्वच्छ आकार पाडायचे, मधल्या छटा सगळ्यात शेवटी. व्हॅन गॉगने ही चित्रं पुन्हा पुन्हा गिरवली. नवशिक्यासाठी यापेक्षा सरळ वाट मला तरी दिसत नाही.

चौकोन आखून चौकोनागणिक चित्र उतरवायच्या पद्धतीला, म्हणजे ग्रिडला, काही जण फसवणूक मानतात, पण ती कॅमेऱ्याहून कितीतरी जुनी आहे. इटलीतल्या आल्बेर्तीने चित्रकलेवरच्या ग्रंथात १४३५ मध्येच चौकटीत ताणलेल्या, दोऱ्यांचे चौकोन पाडलेल्या झिरझिरीत पडद्यातून बघायला सांगितलं होतं. फरक एवढाच की त्या पडद्यापलीकडे जिवंत माणूस होता. आज चौकोन पडतात ते बहुधा मोबाइलवरच्या फोटोवर. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे सरकलेले दिसतात. ग्रिड तेही इमानेइतबारे कागदावर उतरवते.