मेलॅटोनिन म्हणजे मेलॅनिन नव्हे

झोपेसाठी मेलॅटोनिनची गोळी घेतली तर रंग उजळतो का? की काळा पडतो? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण विचारणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण मेलॅटोनिन हे नाव मुळात मेलॅनिन या त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्यावरूनच पडलं आहे.

१९१७ साली मॅककॉर्ड आणि ॲलन या संशोधकांनी गुरांच्या मेंदूतली पिनिअल ग्रंथी टॅडपोलना, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांना, खाऊ घातली. थोड्याच वेळात त्यांची गडद कातडी इतकी फिकी पडली की आतले अवयव बाहेरून दिसू लागले. रंग नष्ट झाला नव्हता. कातडीच्या रंगपेशींत पसरलेले मेलॅनिनचे कण पेशीच्या मध्याशी गोळा झाले होते, एवढंच. पुढे १९५८ मध्ये येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी ग्रंथीतलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं. मेलॅनिनचे कण आवळणारं आणि मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी नातं असलेलं, म्हणून मेलॅटोनिन. माणसाच्या त्वचेत हा खेळ होत नाही. आपल्या रंगपेशी मेलॅनिन स्वतःजवळ न ठेवता शेजारच्या पेशींना देऊन टाकतात, मग आवळायला उरतं काय?

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दोन्हींना ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणतात, म्हणजे पेशींची मोडतोड करणाऱ्या ‘मुक्त मूलकां’ना (फ्री रॅडिकल्सना) आवरणारं द्रव्य. ते खरंही आहे, पण दोघांची रीत अगदी निराळी.

मेलॅनिन हे रंगद्रव्य आहे. टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनणारं, मोठ्या रेणूंचं, पाण्यात न विरघळणारं. त्वचेची एक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर हे कण केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला, टोपीसारखे रचलेले दिसतात. आत डीएनए असतो, आणि टोपी नेमकी त्याच्यावर! मला हे चित्र फार आवडतं. अतिनील किरण शोषून मेलॅनिन त्यांची बहुतेक ऊर्जा उष्णतेत बदलतं, त्यामुळे मुक्त मूलकं मुळात कमी तयार होतात. झालेल्यांपैकी काही ते टिपूनही घेतं. मात्र हे गडद मेलॅनिनबद्दल. लालसर केसांत असतं ते फिओमेलॅनिन, आणि ते ऊन लागल्यावर उलट स्वतःच मूलकं निर्माण करू शकतं. म्हणजे सगळंच मेलॅनिन संरक्षक, असं म्हणणं चुकीचं.

मेलॅटोनिन हे हार्मोन आहे. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि त्यापासून मेलॅटोनिन, असा त्याचा प्रवास. पिनिअल ग्रंथी ते अंधारात रक्तात सोडते. मध्यरात्रीनंतर पातळी सर्वांत जास्त असते आणि रात्री डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की घसरते. रक्तातलं निम्मं मेलॅटोनिन साधारण तासाभरातच नाहीसं होतं. रेणू छोटा, बिनरंगी, पेशीचं आवरण सहज ओलांडणारा, त्यामुळे मेंदूपासून मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांपर्यंत, त्याला कुठे अडकाठी नाही. हायड्रॉक्सिल हे अत्यंत विध्वंसक मूलक ते निकामी करतं, हे १९९३ मध्ये दाखवलं गेलं. शिवाय या झटापटीतून उरणारी त्याची रूपंही पुढची मूलकं टिपतात.

इथे जरा थांबायला हवं. रात्रीसुद्धा रक्तातलं मेलॅटोनिन पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात, मोजावं लागतं. एवढ्याशा रेणूंनी शरीरभरची मूलकं एकेक करून टिपावीत, हे गणित मला पटत नाही. त्याची खरी ताकद हार्मोन म्हणून आहे, असं माझं मत. पेशीवरच्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून ते पेशीला निरोप देतं, आणि मग सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही मूलकं आवरणारी पेशीची स्वतःची एन्झाइमं जोमाने कामाला लागतात. प्राण्यांच्या ऊतींवरचे थक्क करणारे निकाल बहुतेकदा शरीरात एरवी असतं त्याच्या कितीतरी पट मात्रा देऊन मिळाले आहेत, हेही ध्यानात ठेवावं.

मेलॅनिन उन्हाने वाढतं, तेही काही दिवसांत आणि जिथे ऊन लागलं तिथेच. मेलॅटोनिन उजेडाने घटतं, आणि त्याची चढउतार सबंध शरीराला कळते.

दोन्ही वाटा किती वेगळ्या आहेत ते पाहायचं असेल तर ॲल्बिनिझम, म्हणजे जन्मतःच रंगद्रव्याची उणीव असण्याची स्थिती, घ्या. त्याच्या सर्वांत ठळक प्रकारात टायरोसिनेज हे एन्झाइम काम करत नाही. त्वचा, केस, डोळे यांत मेलॅनिन बनतच नाही आणि ऊन झेपत नाही. मेलॅटोनिन बनवताना मात्र या एन्झाइमची गरजच पडत नाही.