क्लास चढवताना स्टोरेजचा भाग पुसू नका
आमच्या प्रणालीत स्वतःचे बदल करणाऱ्या ग्राहकांच्या प्रोग्रामरसाठी माहितीपत्रक

आमची प्रणाली इंटरसिस्टम्सच्या कॅशे किंवा आयरिस डेटाबेसवर चालते, आणि तुमच्यापैकी अनेकांकडे तिच्यात भर घालणारे स्वतःचे प्रोग्रामर आहेत. याचा आम्हाला आनंदच आहे. तुमची गरज तुमच्याइतकी आम्हाला कळणार नाही. क्लास (डेटा आणि त्यावरचा कोड यांची एकत्र व्याख्या) कसा लिहायचा, मेथड कशी बोलवायची हे त्यांना येतं, म्हणून ते इथे सांगत बसत नाही. पण लाइव्ह सर्व्हरवर क्लास चढवला की आम्हाला एक ठरावीक फोन येतो: "ईमेलच्या रकान्यात पत्ता दिसतोय, पत्त्याच्या रकान्यात फोन नंबर." कंपाइल करताना कुठलीही एरर आलेली नसते. या एका चुकीवर आमचे आणि तुमचे सर्वाधिक तास जातात, म्हणून हे पत्रक.

पर्सिस्टंट क्लास, म्हणजे डेटाबेसमध्ये डेटा साठवणारा क्लास, पहिल्यांदा कंपाइल होतो तेव्हा कंपायलर रुटीन (प्रत्यक्ष चालणारा कोड) तयार करतो, एसक्यूएल टेबल उभं करतो आणि क्लासच्या शेवटी स्टोरेज डेफिनिशन लिहून ठेवतो. कोणती प्रॉपर्टी (म्हणजे क्लासमधला रकाना) ग्लोबलमध्ये, म्हणजे डेटा प्रत्यक्ष साठतो तिथे, कितव्या जागी ठेवायची, याचा तो नकाशा असतो. डेटाच्या ग्लोबलमध्ये प्रॉपर्टींची नावं नसतात. तिथे एका रेकॉर्डसाठी एक लिस्ट असते, आणि तिच्यातली दुसरी जागा म्हणजे नाव की पत्ता, हे फक्त नकाशाच सांगतो.

समजा ग्राहक नावाच्या क्लासमध्ये नाव, पत्ता आणि फोन या तीन प्रॉपर्टी आहेत. लिस्टमधली पहिली जागा क्लासच्या नावासाठी राखलेली, मग नाव 2 वर, पत्ता 3 वर, फोन 4 वर. आता तुम्ही नाव आणि पत्ता यांच्यामध्ये ईमेल ही प्रॉपर्टी लिहिली आणि क्लास कंपाइल केला. नकाशा जागेवर असेल तर ईमेलला 5 वी जागा मिळते आणि जुन्या डेटाला धक्का लागत नाही. नकाशा पुसला असेल तर कंपायलर क्लासमध्ये आज दिसणाऱ्या क्रमाने जागा नव्याने वाटतो: ईमेल 3, पत्ता 4, फोन 5. डेटा मात्र जुन्या जागीच पडलेला असतो.

लोक तो भाग का पुसतात, हेही आम्हाला समजतं. तो मशीनने लिहिलेला दिसतो आणि सोर्स कंट्रोलमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत) प्रत्येक वेळी फरक म्हणून पुढे येतो. "आपोआप तयार झालाय, पुन्हा होईल" असं वाटणं साहजिक आहे. पुन्हा तयार होतो हे खरं, पण तोच नकाशा होईल याची खात्री नाही. काही जण तर फक्त प्रॉपर्टी आणि मेथडचा मजकूर लाइव्हवरच्या रिकाम्या क्लासमध्ये चिकटवतात. त्याचाही परिणाम तोच. टेस्ट सर्व्हरवर सहसा नकाशासोबत डेटाही पुसून नव्याने भरला जातो, त्यामुळे तिथे सगळं बरोबर चालतं आणि चूक थेट लाइव्हवर उघडी पडते.

चूक लगेच लक्षात आली तर जुना नकाशा परत ठेवून क्लास कंपाइल करा, डेटा होता तसा दिसेल. खरी अडचण मधल्या काळात नवे रेकॉर्ड सेव्ह झाले की सुरू होते. अर्धे रेकॉर्ड जुन्या मांडणीत, अर्धे नव्या मांडणीत, आणि रेकॉर्डवर तशी खूण कुठेच नसते. इंडेक्सचं (लवकर शोधता यावं म्हणून ठेवलेल्या यादीचं) ग्लोबल वेगळं असल्याने त्यात जुनी मूल्यं तशीच राहतात. फोन नंबराने शोधलं तर रेकॉर्ड सापडतो, पण उघडल्यावर फोनच्या रकान्यात तो नंबर नसतो. अशा वेळी एकेक रेकॉर्ड पाहून ठरवावं लागतं. म्हणून रकाने सरकलेले दिसले तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, कुणाला काही सेव्ह करू देऊ नका, आणि मग आम्हाला फोन करा. दुरुस्तीचा प्रयत्न नंतर.

आणखी एक वाट सावकाश नुकसान करते. टेस्टवर आधी सवलत आणि मग ईमेल अशा दोन प्रॉपर्टी जोडल्या. घाईत फक्त ईमेल हवी म्हणून लाइव्हवर ती हाताने लिहून कंपाइल केली. लाइव्हवर ईमेल 5 व्या जागी गेली, टेस्टवर ती 6 व्या जागी आहे. पुढच्या महिन्यात टेस्टवरचा पूर्ण क्लास नकाशासह लाइव्हवर आणला की 5 वी जागा सवलतीची ठरते, आणि लोकांचे ईमेल पत्ते सवलतीच्या रकान्यात जातात. म्हणून नवी प्रॉपर्टी लाइव्हवर थेट लिहू नका, कितीही घाई असली तरी. टेस्टवर लिहा, कंपाइल करा, आणि क्लास त्याच्या नकाशासकट एक्सपोर्ट करून आणा. सोर्स कंट्रोलमध्येही नकाशा ठेवा.

प्रॉपर्टीचं नाव बदलणं कंपायलरच्या दृष्टीने एक प्रॉपर्टी काढून दुसरी जोडणं असतं. नवी जागा रिकामी मिळते आणि जुना डेटा जुन्या जागी न दिसता पडून राहतो. डेटा सोबत हवा असेल तर कंपाइल करण्याआधी नकाशातही त्याच जागेवरचं नाव बदला. हाताने नकाशा बदलण्याचं योग्य कारण आम्हाला सहसा एवढंच दिसलं आहे. आणि एखादा क्लास कॉपी करून नवा बनवत असाल तर उलट करा: कॉपीतला नकाशा पहिल्यांदा कंपाइल करण्यापूर्वी काढून टाका. नाहीतर दोन क्लास एकाच ग्लोबलमध्ये लिहू लागतील.

इंडेक्सबद्दल थोडक्यात. नवा इंडेक्स जोडून कंपाइल केल्याने तो भरला जात नाही, पण क्वेरी त्याचा वापर सुरू करू शकते, आणि मग जुने रेकॉर्ड यादीतून गायब झाल्यासारखे वाटतात. ते गेलेले नसतात. इंडेक्स भरणारी बिल्ड इंडायसेस ही मेथड चालवा. टेबल मोठं असेल तर इंडेक्स भरून होईपर्यंत सेट मॅप सिलेक्टॅबिलिटी वापरून तो क्वेरीपासून लपवून ठेवा.

आता आमच्या काही पद्धतींबद्दल, ज्या कधीकधी तुम्हाला जाचक वाटतात.

क्लास चढवण्यासाठी आम्ही वापर बंद ठेवण्याची वेळ मागतो, कारण चालू प्रोसेसमध्ये आधीच उघडलेले ऑब्जेक्ट क्लासच्या जुन्या आवृत्तीवरच राहतात. तुम्ही नवा कोड चढवता आणि पार्श्वभूमीला चालणारं काम जुन्याच पद्धतीने लिहीत राहतं. म्हणून आम्ही सगळ्यांना बाहेर काढतो, बॅकअप घेतो, उपक्लासांसकट (त्या क्लासवर बेतलेल्या क्लासांसकट) कंपाइल करतो आणि पार्श्वभूमीची कामं नव्याने सुरू करतो. "एकच क्लास आहे, फोनवर सांगा" असं म्हटल्यावर आम्ही थांबायला सांगतो, ते याचसाठी.

दुसरा प्रश्न नेहमीचा: आमच्या काही क्लासमध्ये मेथडचा मजकूर का दिसत नाही? ते क्लास डिप्लॉइड मोडमध्ये असतात. त्या मोडमध्ये मेथड आणि ट्रिगर यांचा सोर्स काढलेला असतो, आणि असा क्लास कंपाइल किंवा एक्सपोर्ट करता येत नाही. त्याचा उपक्लास मात्र तुम्ही लिहू शकता आणि कंपाइलही करू शकता. तुमची भर तिथेच घाला, म्हणजे आमची पुढची आवृत्ती आली तरी तुमचं काम पुसलं जाणार नाही. सोर्स झाकतो तो आमचं काम जपण्यासाठी, हे आम्ही लपवत नाही. पण मूळ क्लासमध्ये परस्पर बदल न झाल्यामुळे तुमच्या तक्रारीचं मूळ आम्हाला लवकर सापडतं, हाही अनुभव आहे.

तुमचे स्वतःचे क्लास डिप्लॉइड करायचे असतील तर आधी सोर्स फाइलमध्ये एक्सपोर्ट करून सुरक्षित ठेवा. हे पाऊल मागे घेता येत नाही. फाइल असेल तर क्लास पुन्हा इम्पोर्ट करता येतो, नसेल तर मेथड पुन्हा लिहाव्या लागतात, आणि त्यात आम्हीही मदत करू शकणार नाही.

डेटाबेसची मुख्य आवृत्ती बदलली की क्लास पुन्हा कंपाइल करायचे असतात. आमचे डिप्लॉइड क्लास तुम्हाला कंपाइल करता येणार नाहीत, म्हणून आवृत्ती बदलायचं ठरलं की आधी कळवा. त्या आवृत्तीवर कंपाइल केलेली डेटाबेस फाइल आम्ही पाठवतो.

देखभाल करार असलेल्या ग्राहकांसाठी एक सोय आहे. लाइव्हवर चढवण्याआधी टेस्टवरचा आणि लाइव्हवरचा असा दोन्ही ठिकाणचा एक्सपोर्ट आम्हाला पाठवा. आम्ही दोन्ही नकाशे जागेनुसार ताडून पाहतो आणि कुठे टक्कर होते ते कळवतो. याचे वेगळे पैसे घेत नाही. करार नसेल तरी ही तपासणी एकेका वेळेपुरती करून देतो, आणि सरकलेला डेटा जागेवर आणण्याच्या कामापेक्षा ती नक्कीच स्वस्त पडते.

फोन करताना क्लासचं पूर्ण नाव, शेवटचं कंपाइल केव्हा झालं, आणि त्यानंतर कुणी नवे रेकॉर्ड सेव्ह केले का, एवढं हाताशी ठेवा.